साडी नेसलेला डंपर

खाणीतला डंपर काळा धूर का सोडतो, हे मला नोकरीत पुष्कळ जणांना समजावून सांगावं लागलं. मालकाला सांगितलं, ड्रायव्हरांना सांगितलं, एकदा तर वर्गणी मागायला आलेल्या गणपती मंडळाच्या पोरांनाही सांगितलं. सांगितल्याबरोबर कळलं ते एकट्या कर्णिक काकूंना, आणि काकूंचा डंपरशी संबंध एवढाच की त्या गच्चीवर पापड वाळत घालायच्या.

मी शिंदे. खाणीत मला 'पंपवाले शिंदे' म्हणायचे. पंप म्हटलं की लोकांना पाण्याचा पंप आठवतो, आणि मी प्लंबर आहे असं समजून शेजारचे आजही मला गळका नळ दाखवतात. माझा पंप वेगळा. डिझेल इंजिनाला एक पंप असतो, तो प्रत्येक सिलिंडरला मापून डिझेल देतो. पंगतीत वाढणाऱ्या बाईचं जे काम, तेच याचं. कुणाच्या पानात किती आणि कधी, हे सगळं तिच्या हातात. तिने आग्रह करकरून जास्त वाढलं की पानात टाकलं जातं. इंजिनात जे असं टाकलं जातं, तेच धुराड्यातून काळा धूर होऊन बाहेर पडतं. म्हणजे काळा धूर हे न जळलेलं डिझेल, मालकाच्या खिशातून निघून थेट आभाळात गेलेलं. हल्ली कार्बन, कार्बन म्हणून सगळं जग ओरडतं. आमच्या वेळी कार्बन म्हणजे सिलिंडरात डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलच्या टोकावर धरणारी काजळी. ती आम्ही पितळी ब्रशने घासायचो आणि दुपारी त्याच हातांनी जेवायचो.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. घाटकोपरच्या डोंगराला तेव्हा दगडाच्या खाणी होत्या. सगळ्या उपनगरांत इमारती उठत होत्या आणि त्यांना खडी लागायची. आमच्या खाणीत डोंगर अर्धा खाऊन झाला होता आणि आता तळ रस्त्याच्याही खाली गेला होता. दगड फोडायचं क्रशर वर रस्त्याकडेला. त्यामुळे भरलेला डंपर खालून वर आणायचा म्हणजे एक उभा चढ चढायचा. त्या चढाला सगळे 'घाट' म्हणायचे. घाटाच्या माथ्यावर चहाची टपरी होती, आणि रिकामे ड्रायव्हर तिथे बसून चढणाऱ्या गाड्यांची परीक्षा घ्यायचे. परीक्षेचा विषय एकच, धूर. जितका काळा धूर तितका गाडीत दम. एखादी गाडी बिनधुराची वर आली तर टपरीवरून आवाज यायचा, "काय रे, बैल लावलेस काय पुढे?" मी पंप नीट बसवून गाडी पाठवली की ड्रायव्हर आठ दिवस माझ्याशी बोलायचा नाही. मी त्याच्या गाडीचा दम काढून घेतला, अशी त्याची खात्री असायची.

या सगळ्यांत धुराचा राजा म्हणजे परब. परब सावंतवाडीकडचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. गिरण्यांचा संप लांबला, त्याची गिरणी काही परत उघडली नाही. मग मेव्हण्याच्या ट्रकवर क्लीनर, मग लायसन, मग आमच्या खाणीत ड्रायव्हर. त्याच्या वाट्याला सगळ्यात जुना डंपर आला. परबने त्याला आपल्या ग्रामदेवतेचं नाव दिलं, सातेरी. नाव नुसतं रंगवलं नाही. ड्युटी सुरू करण्याआधी अगरबत्ती, शुक्रवारी हार, आणि गाडीत कुणी शिवी दिली तर त्याला खाली उतरवून चालत पाठवायचा. सातेरी घाट चढायला लागली की आमच्याकडे दिवसाढवळ्या अंधार व्हायचा. टपरीवाला भज्यांवर फडकं टाकायचा. परब आरशातून मागचा धूर बघायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर, मुलगा बोर्डात आल्यासारखा आनंद असायचा.

आनंद नव्हता तो शेठला. आमचे शेठ हिशेबाचे पक्के. खाणीत डिझेल पिंपातून हातपंपाने काढून कॅनने द्यायचे, आणि ते स्वतः खुर्ची टाकून समोर बसायचे. एक दिवस त्यांनी मला बोलावलं.

"शिंदे, ये सातेरी डिझेल पीती है के उससे न्हाती है?"

मी म्हटलं, "शेठ, गाडी जुनी आहे."

"जुना तर मी पण आहे. मी इतका खातो?" शेठ अर्धं मराठी बोलायचे, पण रागावले की पूर्ण. "गुढीपाडव्यापर्यंत तिचं डिझेल बाकीच्या गाड्यांएवढं झालं पाहिजे. नाही झालं तर गाडी भंगारात. परबला सांगून ठेव."

"आणि परब?"

"परब गाडीचा ड्रायव्हर आहे ना? गाडी नाय तर ड्रायव्हर कशाला?"

हे परबला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं तो चिडेल. तो टपरीच्या बाकावर बसला. गिरणी बंद झाली तेव्हा घरातली भांडी कशी गेली, हे तो कधीतरी चहा पिताना सांगायचा, हसतहसत. त्या दिवशी हसला नाही. "शिंद्या, परत तसा नको रे," एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं. मी तिथल्या तिथे ठरवलं की ही गाडी भंगारात जाऊ द्यायची नाही.

पहिला संशय मला परबवरच होता. पंपाला एक स्क्रू असतो, तो फिरवला की जास्तीचं डिझेल सुटतं. ड्रायव्हर लोक तो चोरून फिरवतात, म्हणून आम्ही त्याला तार बांधून शिशाचं सील मारतो. मी विचारलं, "खरं सांग, स्क्रू फिरवलास ना?"

"सातेरीची शपथ. स्क्रूक हात लावूक नाय."

सील बघितलं तर धडधाकट. मग पंप उतरवला आणि आमच्या टेस्ट बेंचवर चढवला. या यंत्रावर काचेच्या नळ्या एका रांगेत असतात. पंप फिरवला की प्रत्येक नळीत एकेका सिलिंडरच्या वाटणीचं डिझेल पडतं. सगळ्या नळ्यांत पातळी सारखी आली तर पंप ठीक. सातेरीचा पंप असा देखणा चालला की सगळ्या नळ्यांवर पट्टी ठेवून रेघ मारावी. नोझल तपासले, तेही छान. पंप परत बसवला, परब गाडी घेऊन खाली गेला, भरून वर आला, आणि टपरीवाल्याने भज्यांवर फडकं टाकलं.

"बघ," परब म्हणाला, "पंप साफ केलस तर धूर आणखी झकास."

मी डोकं धरून बसलो. डिझेल बरोबर आहे आणि तरी टाकलं जातंय, तर मग हवा कमी पडत असणार. डिझेल जळायला हवा लागते. मी एअर फिल्टर उघडला. खाणीच्या धुळीत फिल्टर चोंदतो, पण परब तो रोज धुवायचा. आत आरशासारखा स्वच्छ. आता मात्र मी चक्रावलो. फिल्टर स्वच्छ, पंप ठीक, मग हवा अडते कुठे? फिल्टरमधून एक नळ वर जातो, केबिनच्या बाजूने, माणसाच्या डोक्याहून उंच. त्याच्या टोकाला एक टोपी असते. इंजिन तिथून श्वास घेतं. मी नजर वर नेली.

त्या नळाला साडी नेसवलेली होती.

ती साडी मी रोज बघत होतो. खाणीत सगळेच बघत होते. सातेरी ही देवी, देवीची नवरात्रात ओटी भरायची, तर साडी आली. डंपरला साडी नेसवायची कुठे? चाकांना नेसवता येत नाही, बॉनेटला नेसवली तर जळते. सगळ्या गाडीत उभं, डोकं वर काढून राहिलेलं असं ते एकच होतं, आणि वर टोपी असल्याने मुकुट घातल्यासारखं दिसायचं. म्हणून परबने नळ नेसवला होता, आणि वरून टोपीवर पदर घेतला होता. चांगली देवीसारखी देवी दिसत होती. दर नवरात्रात नवी साडी. जुनी काढलेली मी कधी बघितली नव्हती.

"परब," मी विचारलं, "जुन्या साड्या काय करतोस रे?"

"काय करतलंय? देवीची साडी काढूक गावता काय? आतच आसत."

म्हणजे साडीवर साडी, तिच्यावर साडी, त्यात खाणीची धूळ आणि पावसाचं पाणी. त्या पदराखाली सिमेंट व्हायचं बाकी होतं. देवी इतकी वर्षं तोंडावर गाठोडं बांधून डोंगर चढत होती.

मी समजावून सांगितलं. परबला पटलंसुद्धा. पण साडी सोडायला तो तयार नाही. "तू मिस्त्री, तुका काय ता. मी बाप्या माणूस, देवीचा वस्त्र उतरवू? माका पाप नको." मीच सोडतो म्हटलं तर तो पान्हा घेऊन गाडीसमोर उभा राहिला. नोकरी जाणार हे दिसत होतं आणि तरी तो हटेना. पाडवा तोंडावर आलेला.

कर्णिक काकू अवतरल्या त्या याच भांडणात. खाणीमागच्या नव्या कॉलनीत त्या राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आवाज अजून शाळेतलाच. त्यांच्या हातात ताट, ताटात उडदाचे पापड, आणि ते पापड राखाडी. सरळ शेठच्या टेबलावर ताट ठेवून म्हणाल्या, "खा."

शेठ म्हणाले, "बेन, उपास आहे."

"आज कसला उपास? खा म्हणते ना! आमच्या गच्चीवर पापड घालते पांढरे, काढते हे असे. शंभर घरं आहेत कॉलनीत. सगळ्यांनी ताटं आणली तर टेबल पुरायचं नाही तुम्हाला."

शेठने एक तुकडा मोडून तोंडात टाकला. धुराची चव कशी लागते हे मालकाला बहुधा तेव्हाच कळलं असावं. त्यांनी बाहेर सातेरीकडे बोट दाखवलं. काकू ताट उचलून आमच्याकडे आल्या. मी डिझेल, हवा, धूर, नळ सगळं सांगितलं. सांगून पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "स्टोव्हची वात मोठी झाली की भांडं काळं होतं आणि रॉकेल संपतं, तसंच ना? यात काय अवघड आहे? काढा ती साडी."

"काकू, देवीची आसा ती," परब म्हणाला.

"देवीची आहे हे दिसतंय. पण साडी गळ्याखाली नेसवतात की नाकातोंडावर बांधतात? अहो, गुदमरतेय ती! आणि देवळातल्या साड्या काय कायमच्या देवीच्या अंगावर राहतात? उतरवतात आणि प्रसाद म्हणून सवाष्णींना देतात. तुमच्या गावी देत नाहीत?"

परबची इथे अडचण झाली, कारण त्याच्या गावीही देत होते. त्याने एकदा सातेरीकडे बघितलं. मग म्हणाला, "मगे कौल लावूया. देवी हो म्हणाली तर मीच सोडतंय."

कोकणात देवाला असा कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. गावी हे काम गुरव करतो. इथे परबच गुरव झाला. हारातली झेंडूची फुलं कुस्करून, पाण्यात बुडवून, एकेक पाकळी बॉनेटच्या दोन बाजूंना लावली. मग उजवी कुठली यावर वाद. आमच्या उजवीकडची, की देवीच्या? काकूंनी निकाल दिला, "देवी आपल्याकडे तोंड करून आहे, तेव्हा तिची उजवी ती ड्रायव्हरची उजवी." टपरीवरचे सगळे ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन गोल उभे राहिले. शेठही आले, आणि आल्या आल्या त्यांनी चपला काढल्या.

"इंजिन चालू कर, शिंद्या," परब म्हणाला. "बंद गाडी म्हणजे देवी निजलेली."

मी इंजिन सुरू केलं. डिझेलचं जुनं इंजिन उभ्या जागी कसं थरथरतं ते ज्याने बघितलंय त्याला कळेल. अख्खं बॉनेट नाचत होतं. परबने हात जोडले, डोळे मिटले, "आई सातेरी, तुझ्या लेकराचा पोट तुझ्या हातात," असं म्हणाला. त्याचं वाक्य संपायच्या आत उजवी पाकळी उडाली आणि शेठच्या पायावर पडली.

"उजवी पडली!" सगळे ओरडले. काकूंनी टाळ्या वाजवल्या. डावी पाकळी जागची हलली नाही, कारण तिथे ग्रीसचा जाड थर होता. तो मला दिसला होता. परब ती गाडी रोज हाताने पुसायचा, तिच्यावरचा एकेक डाग त्याला पाठ. त्यालाही तो दिसला असणार, पण मी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही.

मग परब वर चढला आणि साड्या सोडायला लागला. वरची हिरवी, तिच्याखाली जांभळी, मग एक अशी की रंगच ओळखू येईना. प्रत्येक साडीबरोबर घमेलंभर धूळ खाली येत होती आणि काकू नाकाला पदर लावून घड्या घालत होत्या. सगळ्यात आतली साडी जरा बऱ्यापैकी राहिली होती, लालसर, बारीक काठाची. ती हातात घेऊन परब थांबला. ती त्याच्या बायकोची होती. इथे नोकरी लागली तेव्हा नवी साडी घ्यायला काही नव्हतं, म्हणून तिने स्वतःची ठेवणीतली दिली होती. काकूंनी ती निराळी ठेवली आणि म्हणाल्या, "ही प्रसाद म्हणून घरी न्या. जिची तिला."

सातेरी खाली गेली, भरली, आणि घाट चढायला लागली. टपरीवाल्याने सवयीने फडकं टाकलं. गाडी अर्ध्यावर आली, माथ्यावर आली, आमच्या समोरून गेली, आणि मागे निळसर अशी एक रेघ, बस. एका ड्रायव्हरला वाटलं इंजिन बंद पडलंय आणि गाडी आपोआप वर येतेय. तो हात जोडून बाजूला झाला. परब केबिनमधून सारखा मागे वळून बघत होता. त्याला धूर दिसत नव्हता आणि गाडी मात्र तिसऱ्या गिअरमध्ये चढत होती. त्याला हसावं की रडावं कळेना. खाली उतरून म्हणाला, "शिंद्या, हलकी झाली रे ती. बाळंतीण मोकळी झाल्यासारखी."

पाडव्याला शेठने स्वतः सातेरीला हार घातला. तिचं डिझेल बाकीच्या गाड्यांच्याही खाली आलं होतं. परबची नोकरी राहिली. मी त्या काळात जरा छाती काढूनच चालायचो. बाकीचे ड्रायव्हरही मऊ पडले, पंप नीट बसवून घ्यायला स्वतःहून यायला लागले. टपरीवर आता बिनधुराच्या गाडीची वाहवा व्हायची. सगळ्या खाणीचं डिझेल उतरलं.

आता शेठ हिशेबाचे पक्के, हे मी सांगितलंच. वाचलेल्या डिझेलचं त्यांनी काय करावं? खडी स्वस्त पडायला लागली, म्हणून गिऱ्हाइकं वाढली. गिऱ्हाइकं वाढली म्हणून आणखी डंपर आले. मग दुसरी पाळी सुरू झाली. पुढच्या उन्हाळ्यात कर्णिक काकू पुन्हा ताट घेऊन आल्या, आणि या खेपेला शेठकडे न जाता माझ्याकडे आल्या. पापड पहिल्यापेक्षा काळे.

"शिंदे, धूर कमी झाला म्हणालात ना?"

"एका गाडीचा कमी झाला, काकू. पण गाड्या वाढल्या."

"म्हणजे एकूण?"

मी पान्हा पुसत बसलो. काकूंनी गणितच शिकवलं होतं आयुष्यभर, त्यांना उत्तर माहीत होतं. "बरं, चहा तरी सांगा," म्हणाल्या. आम्ही टपरीवर बसून चहा प्यालो. समोरचा डोंगर किती खाली आलाय हे त्या दिवशी माझ्या पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

गाड्या चांगल्या चालल्या की डोंगर लवकर संपतो, एवढी साधी गोष्ट. जो आमच्या सगळ्यांच्या निवृत्तीपर्यंत सहज पुरेल असं वाटत होतं, तो दशक संपायच्या आत संपला. शेठने जागा बिल्डरला दिली. मग आमच्या डंपरांना शेवटचं काम मिळालं ते तोच खड्डा बुजवायचं. जिथून दगड वर आणला, तिथे शहरभरचा राडारोडा नेऊन ओतायचा. परब सातेरी घेऊन रोज खाली जायचा, आणि खड्डा भरत आला तसा घाट रोज थोडा कमी व्हायचा.

एक दिवस तो रस्त्यावरून आला आणि सरळ मैदानात गेला. चढ नाही, उतार नाही. इंजिन बंद करून खाली उतरला आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"शिंद्या, आता चढच नाय रवलो. डिझेल किती लागतला?"

"लागायचंच नाही."

"मगे तू जिंकलस मरे," असं म्हणून तो हसला, आणि मीही हसलो.

त्याने किल्ली नेऊन शेठच्या हातात दिली. पन्नाशीही आली नव्हती त्याची. गिरणी बंद पडली तेव्हा निदान मालकाला, पुढाऱ्यांना शिव्या घालता आल्या होत्या. या वेळी आम्ही दोघं बराच वेळ त्या सपाट जमिनीवर उभे होतो, आणि शिव्या घालायला कुणी सापडेना.